ट्रेलरमधला संसार

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, या विषयात माझ्याइतका अभ्यास अख्ख्या पुणे जिल्ह्यात कोणाचा नसेल! पलंग आडवा हवा की उभा, छतावर सोलर केवढा, पाण्याची टाकी गाडीच्या पोटात की मागे, सगळं मला तोंडपाठ. सहा महिने मी दुसरं काही बोललेलोच नाही. आमच्याकडे पाहुणे येईनासे झाले तेही साधारण तेव्हापासूनच.

शेवटी निवड झाली. गाडी आटोपशीर, आणि सामानासाठी मागे ट्रेलर. माझा मित्र इंद्रजित अशा गाड्या बनवतो. तो म्हणाला, "ही माझ्याकडची घेऊन जा. आधी एक रात्र राहून बघ, मग बुक कर."

पण खरा होकार हवा होता तो बायकोचा, रत्नाचा.

"अहो, घरातला गॅस संपला तरी तुम्ही शेजारी धावता," ती म्हणाली. "रानात कसले राहताय?"

"वीज आपली, पाणी आपलं, चूल आपली! कुणाची काडीचीही मदत लागणार नाही!"

"मग ठरलं. कुणाचीही मदत न घेता एक रात्र काढा, आणि खुशाल गाडी घ्या. मदत घेतलीत, तर या घरात मोटरहोमचं नाव काढायचं नाही."

मी तिथल्या तिथे टाळी दिली!

जागा निवडली राजगडाच्या पायथ्याची, पाली गावाच्या थोडी अलीकडे. भात कधीच निघालेलं, खाचरं कोरडी, आसपास चिटपाखरू नाही. ट्रेलरमध्ये गाद्या, खुर्च्या, सिलिंडर, पाण्याचे ड्रम, बादल्या, आणि रत्नाचा हट्ट म्हणून पोळपाट-लाटणं.

अभ्यासात एकच गोष्ट राहून गेली होती. ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो! मी डावीकडे फिरवलं. तो उजवीकडे गेला. मी चिडून आणखी फिरवलं. तो बांधावरून थेट खाचरात उतरला आणि रुसलेल्या जावयासारखा एका अंगावर कलंडून बसला.

"मुक्काम इथेच!" मी जाहीर केलं.

खाचर होतं गेनूबाबांचं. आवाज ऐकून ते आले, मागोमाग डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या त्यांच्या कारभारीण, जाईबाई.

"अडाकली व्हय गाडी? थांबा, ट्रॅक्टर बोलावतो."

रत्नाने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"नको नको! आमचं आम्ही बघू!"

"बरं, च्या तरी घ्या," जाईबाई म्हणाल्या.

चहा म्हणजे मदतच की! "नको आजी."

"मंग पानी?"

"पाणीसुद्धा नको!"

जाईबाईंनी डोक्यावरचा भारा खाली ठेवला. या भागात चहाला नाही म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर दुखावलेला. आजारी तर मी दिसत नव्हतो. त्यांची नजर ट्रेलरवर गेली. गाद्या, बादल्या, पोळपाट. मग रत्नाकडे गेली. ती कांदा चिरत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती.

"गाव कंचं म्हनायचं?"

"मूळ कामथडी. थोरले भाऊ असतात तिथे, मानसिंगदादा."

"घर हाय का?"

"आहे की! चांगलं प्रशस्त."

"आन् तुमी हितं रानात ऱ्हानार?"

"आता हेच आमचं घर!" मी गाडीच्या पत्र्यावर अभिमानाने थाप मारली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, एकदमच सुस्कारा सोडला आणि निघून गेले. मला वाटलं, गाडी आवडली!

थोड्या वेळाने माणसं यायला लागली. कुणी टोपलीतून तांदूळ आणले, कुणी भाकरी आणि ठेचा. मी हात जोडून सगळं परत केलं. जसजसं परत करावं तसतशी कुजबुज वाढे.

"लई मानी मानूस हाय."

"भावकी म्हंजी अशीच."

एका म्हाताऱ्याने तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कोर्टात जाऊ नगा. भोरच्या कोर्टात माझ्या चपला झिजल्या, बांध तिथंच ऱ्हायला."

मी मान हलवली. दुसरं करणार काय!

"अहो, हे सगळे आपल्याला खायला का देतायत?" रत्नाने हळूच विचारलं.

"आपली गाडी बघून भारावलेत गं!"

सूर्य कलायच्या बेताला धुरळा उडवत एक जीप आली. त्यातून मानसिंगदादा उतरले, मागून मंगलवहिनी. जाईबाईंची लेक कामथडीत दिलेली आहे, हे मला कुठून ठाऊक असणार! मानसिंगने धाकट्याला बायकोसकट, भांड्याकुंड्यांसकट बाहेर काढलं आणि तो रानात अन्नपाण्याला न शिवता बसलाय, ही बातमी एका फोनवर दादांच्या दारात पोचली होती. सोबत अर्धं गावही पोचलं होतं.

"अमृत! आरं, म्या तुला कवा भाईर काढलं? गेल्या रविवारी तर कोंबडं खाऊन गेलास की!"

"दादा, अहो ऐका तरी..."

"आता तुमी गप ऱ्हावा," गेनूबाबांनी मलाच हात केला. "थोरल्यानं मोठं मन करायचं असतंय."

सगळं पाली दादांकडे बघू लागलं. दादा आयुष्यात कुणापुढे वाकलेले नाहीत. त्यांनी एकदा ट्रेलरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"जे काय आसंल ते... चुकलं माझं! चल घरी."

वहिनींना रडू फुटलं. त्यांचं बघून रत्नाला, या खेपेला कांद्याशिवाय. आणि खरं सांगतो, न केलेल्या चुकीची चारचौघांत माफी मागणारा भाऊ सगळ्यांच्या नशिबात नसतो.

मग ट्रॅक्टर आला. ट्रेलर बाहेर निघाला. जाईबाईंनी चहा पुढे केला आणि मी निमूट प्यायलो. रत्ना कपाआडून माझ्याकडे बघून हसली. संपली पैज!

मुक्काम कामथडीला पडला. "बघू तरी कसलं घर हाय," म्हणत दादा आणि वहिनी गाडीत शिरले आणि दार लावून घेतलं. सकाळी चहा आम्हालाच गाडीच्या पायरीशी नेऊन द्यावा लागला.

मी शब्दाला जागलो. मोटरहोमचं नाव काढलं नाही. पंधरा दिवसांनी इंद्रजितचा फोन आला. "अरे, तुझ्या दादांनी गाडी आणि ट्रेलर दोन्ही घेतलं! ट्रेलर तेवढा तुझ्याकडे पाठवायला सांगितलाय."

मी घाईघाईने दादांना फोन लावला.

"आरं, मंगलला कवाधरनं समुद्र बघायचा हाय," दादा म्हणाले. "आन् लोकं अजून इचारत्यात, भावाभावांची वाटनी झाली का न्हाई? म्हनलं, करूनच टाकू. गाडी माझी, ट्रेलर तुझा. मिटलं!"

सध्या ट्रेलर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. ओढायला गाडी नाही. काल तो जरा भिंतीकडे सरकवत होतो, तर शेजारच्यांनी विचारलं, "हात लावू का?"

मी लगेच हो म्हणालो. आणि आधी त्यांच्याकडे चहासुद्धा घेतला!