गाडीत मॅप टाकलाय

"आज गाडीचं डोकं बदलून आणतो," असं मी सकाळी छाती फुगवून बायकोला सांगितलं. ती कपाटाच्या दारावर पॉलिश पेपर घासत होती.

"अहो, चार वाजता उद्घाटन आहे. डोक्याचं उद्या बघा."

ऐकेल तो मी कसला!

बायकोचं सुतारकामाचं दुकान आहे. वाचनालयाची चार कपाटं ही तिची पहिली मोठी ऑर्डर. ती वेळेत लागली, तर वाचनालयाचे अध्यक्ष त्यांच्या शाळेचे सगळे बाकही तिलाच सांगणार होते. कपाटं न्यायची जबाबदारी माझ्या पिकअपची. ही पिकअप डिझेल घटाघटा पिते आणि चढ आला की रडते. परवा एक सायकलवाला मागे वळून विचारत होता, "काका, धक्का देऊ का?" त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं.

गाड्यांची वायरिंग करणाऱ्याला आमच्याकडे सगळे डॉक्टर म्हणतात. त्याने स्टिअरिंगखाली वायर खुपसली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि सांगितलं, "इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये एक तक्ता असतो. डिझेल कधी सोडायचं, किती सोडायचं. त्याला आम्ही मॅप म्हणतो. जुना काढून नवा मॅप टाकतो. ताकदही वाढेल, ॲव्हरेजही."

आणि खरंच वाढलं हो! लिटरला नऊ देणारी गाडी चौदा द्यायला लागली. चढावर मी त्या सायकलवाल्याला शोधत होतो, पण नेमका तो दिसला नाही.

टाकीत चारच लिटर होतं. भरलं नाही. आता भरायचं कशाला?

कपाटं चढवली. मला कपाटांच्या आधारासाठी भिंतीला खुंट्या मारायला पुढे जायचं होतं, म्हणून गाडी सासऱ्यांकडे दिली. त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवलाय. कानाने जरा कमी ऐकतात, आणि कुणाला रस्ता विचारणं म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटतं.

"बाबा, वाचनालय नव्या जागेत गेलंय. पत्ता सांगू का?"

"तू तुझं काम बघ."

"बरं. आणि गाडीत नवा मॅप टाकलाय. आता बघा कशी पळते!"

"मॅप टाकलाय? मग झालं की," ते म्हणाले. मला वाटलं, जावयाचं कौतुक करतायत.

एक वाजला, दोन वाजले. बायको वाचनालयाच्या दारात, मी खुंट्यांखाली. सासरे फोन उचलेनात, कारण त्यांना तो ऐकू येत नाही. तीन वाजता त्यांचाच फोन आला.

"कपाटं लावून झाली. तुम्ही कुठे आहात?"

"आम्ही वाचनालयात आहोत, बाबा!"

"मीही वाचनालयातच आहे."

मग हळूहळू उलगडा झाला. गाडी वळायला सांगेल म्हणून सासरे कान देऊन बसले होते. गाडी काही बोलली नाही. "म्हटलं, बोलत नाही म्हणजे सरळच असणार." ते सरळ गेले. पंचावन्न किलोमीटर सरळ गेले. मग डिझेल संपून गाडी थांबली. "म्हटलं, पोहोचलो. बघतो तर समोर पाटी, सार्वजनिक वाचनालय. मॅप चांगला आहे हो तुझा!"

तिथल्या ग्रंथपालबाईंनी सहा वर्षांपूर्वी कपाटांसाठी अर्ज दिला होता. कपाटं बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चार माणसांनी ती उतरवली आणि अर्ध्या तासात पुस्तकंसुद्धा लावली.

"परत आणा ती!" मी ओरडलो.

"मी नाही आणणार," सासरे म्हणाले. "बाई रडतायत."

चार वाजता पाहुण्यांनी फीत कापली. आत माझ्या सोळा खुंट्या होत्या. अध्यक्ष त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि बायकोला म्हणाले, "बाकांचं नंतर बघू." तिचा चेहरा बघवत नव्हता. मला खरंच लाज वाटली.

संध्याकाळी मी हिशेब मांडून दाखवला. "अगं, जुना मॅप असता तर गाडी छत्तीस किलोमीटरवर माळरानात थांबली असती. बाबांनी तिथूनच फोन केला असता, आणि कपाटं वेळेत आली असती. म्हणजे ॲव्हरेज खरंच वाढलंय!"

बायकोने नवी फळी टेबलावर ठेवली, पेन्सिल कानामागे खोचली आणि शांतपणे म्हणाली, "डोकं बदलायचंच होतं, तर गाडीचंच कशाला बदललंत?"