समस्त परिवाराचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट

आमच्या घराण्यात जमिनी झाल्या, गोदामं झाली, दोनदा सरपंचपदही झालं. विज्ञान परिषद तेवढी राहिली होती. ती मी आणणार होते!

मी ऋतिका, भिवंडीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. २००७ साली तीन महिने मी आवाज मोजायचं यंत्र घेऊन लूमच्या कारखान्यांतून हिंडले, दोनशे कामगारांचे कान तपासून घेतले आणि पुण्याच्या परिषदेसाठी अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहिला. म्हणजे संशोधनाचा सारांश. तो निवडला गेला तरच परिषदेत बोलायला मिळणार होतं. मर्यादा लेखकाच्या नावासकट अडीचशे शब्दांची. माझे बरोब्बर अडीचशे. कोण अभिमान मला!

शेवटच्या दिवशी नेमकी परीक्षेची ड्युटी लागली. घरी इंटरनेट नव्हतं. बाबा म्हणाले, मी देऊन येतो. लेकीचा कागद न्यायचा म्हणून त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. धामणकर नाक्यावर आमच्या नात्यातल्या भाविकचं दुकान होतं: पुढे लग्नपत्रिका, मागे इंटरनेट. धोका मला तिथेच दिसायला हवा होता.

फॉर्मवर 'लेखकांची नावे' असा रकाना आला. भाविकने विचारलं, एकट्या ऋतिकाचं टाकू? बाबा दचकले. आमच्याकडे पत्रिकेत एक चुलता राहिला, तर दोन पिढ्या एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत.

"एकटीचं कसं? तिला काय भाऊबंद न्हाय?"

भाविकने माझ्या भावाच्या लग्नपत्रिकेची फाइल उघडली आणि नावं जशीच्या तशी उचलून चिकटवली. वडीलधारे आधी, लेकीबाळी शेवटी. एकोणसाठ माणसं, प्रत्येकाला श्री., सौ. वगैरे, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. शब्द जास्त झाले म्हणून फॉर्म पुढे जाईना. भाविकने विचारलं, काय कापू?

"नावं नको कापू, भांडनं व्हतील. आकडे काप. ते काय रुसत न्हाय."

आकडे गेले, पद्धत गेली, निष्कर्ष गेला. उरलं एक वाक्य: लूमवर काम करणाऱ्यांना कमी ऐकू येतं.

हे मला संध्याकाळी कळलं. मी रडले, सांगूनच टाकते. माझी आत्या राहीबाई मात्र खूश. तिचं नाव तिसरं होतं. आपलं नाव पुण्याला गेलं, हे ती साऱ्या आळीत सांगत सुटली. तिच्या तोंडाकडे पाहून मला धड रागावताही येईना.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. निवड झाली होती! मांडणी नेमकी, पाल्हाळ नाही, असा शेरासुद्धा होता. मी अंगणात उडी मारली. मग खालची ओळ वाचली: सादरीकरण पहिल्या लेखकाने स्वतः करावे.

पहिले लेखक होते कै. बाळाराम. माझे आजोबा.

मी परिषदेला फोन लावला. आयोजक बाईंच्या स्वरात फारच आदर होता. 'कै' हे त्यांना परदेशी नाव वाटलं होतं.

"डॉक्टर कै येतायत ना?"

"ते वारले हो."

"अरेरे. कधी?"

"त्र्याण्णव साली."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. शेवटी म्हणाल्या, अशा परिस्थितीत दुसऱ्या कुणी सांगितलं तरी चालेल.

मग आम्ही बस करून गेलो. लेखकच होते ना सगळे! कापलेले आकडे, पद्धत, निष्कर्ष, सगळं मी तोंडपाठ सांगितलं. मागच्या तीन रांगा आमच्याच माणसांनी भरल्या होत्या आणि प्रत्येक आकड्याला बाबा टाळी वाजवत होते. इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

प्रमाणपत्र तेवढं नियमाप्रमाणे पहिल्या लेखकाच्या नावाने मिळालं. आजोबा चौथी नापास. मी ते हौसेने कॉलेजात दाखवलं, प्राचार्यांनी नीट वाचलं आणि वर्षअखेरीला माझ्या अहवालात लिहिलं: 'स्वतःच्या नावे संशोधन नाही. आजोबांचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा.'