बायडाबाईची फुली आणि कचऱ्याची भट्टी

कुठल्याही ग्रामसभेचा निकाल मी सभा सुरू व्हायच्या आधी सांगू शकतो. ही बढाई नाही, अठरा वर्षांच्या वार्ताहरकीचा अनुभव आहे. तालुक्याचं पान सहाला बंद होतं. चारची ग्रामसभा साडेपाचला सुरू होते. बातमी मात्र दुसऱ्या दिवशी छापून यावीच लागते. म्हणून मी आधी बातमी पाठवतो आणि मग सभेला जातो.

विट्याजवळच्या आमच्या गावात एका बाहेरच्या कंपनीला कचरा जाळायची भट्टी टाकायची होती. त्यासाठी ग्रामसभेची परवानगी हवी होती. जागा नेमकी इलाहीच्या बेदाण्याच्या शेडला लागून. काजळी बसलेला बेदाणा सौद्यात कुणी हातातसुद्धा घेत नाही. बिचारा इलाही महिनाभर घरोघरी फिरला आणि सारं गाव त्याच्या बाजूनं झालं. अशा सभेचा निकाल सांगायला ज्योतिषी कशाला हवा? चार वाजून दहा मिनिटांनी मी बातमी पाठवली. ‘कचऱ्याच्या भट्टीला परवानगी एकमताने नामंजूर. ग्रामस्थांच्या भावना तीव्र. माजी सरपंच केरबा यांनी आभार मानले.’ केरबा गेली अठरा वर्षं प्रत्येक सभेत आभार मानत आले आहेत.

एक गोष्ट सांगायची राहिली. मागच्याच महिन्यात पावसानं रद्द झालेलं कुस्त्यांचं मैदान माझ्या बातमीत निकाली कुस्त्यांनी पार पडलं होतं. सांगली कार्यालयातल्या तौसीफसाहेबांनी शांतपणे बजावलं होतं, “आणखी एक अशी बातमी आली, की वार्ताहराचं कार्ड जमा करा.”

सभा पाच पस्तीसला सुरू झाली. पहिला धक्का म्हणजे केरबांची खुर्ची रिकामी. ते डोळ्याच्या ऑपरेशनला साताऱ्याला गेले होते. म्हटलं, आभारांवरून कुणाचं कार्ड जात नाही.

इलाही उठला आणि म्हणाला, “राख उडून समदी माझ्या बेदाण्यावर बसंल.”

झालं! जत्रेसाठी मदुराईहून आलेला कोंडीबा पुढच्याच रांगेत होता. त्याचं तिकडं गलाईचं दुकान. सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची, जाळायची आणि राखेतून सोनं काढायचं, हा आमच्याकडच्या माणसांचा पिढीजात धंदा. कोंडीबा बसल्या बसल्याच म्हणाला, “राखंला नावं ठिवू नका गड्यानो. माझा बंगला राखंतनंच उभा ऱ्हायलाय.”

एकाएकी मंडपातल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच दिवा लागला. कंपनी येडी हाय व्हय, एवढ्या लांबनं कचरा जाळायला येती ती? कोंडीबा घसा ताणून सांगत होता की ती सोनाराची राख, ही गावाची. पण बंगल्यावाल्या माणसाची नम्रता म्हणून लोकांनी ते सोडून दिलं.

सहाला दहा कमी! सभा भट्टीकडं झुकताना दिसली तसं मला माझं कार्ड दिसू लागलं. वार्ताहरानं सभेत बोलू नये, पण मी बोललो. विचारलं, “अहो, आपल्या कचऱ्यात सोनं टाकतंय कोण?”

हा प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं.

“माझी फुली गेलीया की! नाकातली. केरात गेली, पाच वर्सं झाली.” बायडाबाई उभ्या राहिल्या.

मग एकेक करत सारी सभा उठली. कुणाची बुगडी, कुणाचा गळ्यातला बदाम, कुणाचा सोन्याचा दात. सगळ्यांना भाऊसाहेब म्हणून माहीत असलेले ग्रामसेवक महेंद्र निमूटपणे यादी करत होते. सतराव्या दागिन्यावर भांडण पेटलं. एक गट म्हणाला, बाहेरचा कचरा नको, आपलं सोनं मिसळंल. दुसरा म्हणाला, शहरातलाच आणा, तिथल्या बायकांचं लय हरवतंय. सरपंच साक्षीताईंनी हात वर करायला सांगितले. कशासाठी, ते गोंगाटात कळलं नाही. बायडाबाईंनी दोन्ही हात वर केले. तेवढ्यात नळाला पाणी सुटल्याची वार्ता आली आणि दोन मिनिटांत मंडप रिकामा झाला. आभार राहिलेच.

सहा वाजून दहा मिनिटांनी मी तौसीफसाहेबांना फोन लावला.

“पान गेलं. का? काही बदल होता?”

“नाही, सहज.”

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी दहाला पंचायतीत गेलो. परवानगी मिळाली असेल तर कार्ड तिथूनच टपालानं पाठवायचं, असं ठरवलं होतं. भाऊसाहेब डावीकडं पेपर आणि उजवीकडं इतिवृत्ताची वही ठेवून लिहीत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“बरं झालं सविस्तर छापलंत. शेवटी काय ठरलं, मला काय समजलंच नव्हतं.”

मी वही वाचली. परवानगी एकमतानं नामंजूर. भावना तीव्र. केरबांनी आभार मानले. खाली सह्या होत्या. साक्षीताईंनी, पेपरला आलंय म्हणजे तसंच झालं असणार, असं म्हणून सही केली होती. डोळ्याला पट्टी बांधून पहाटेच परतलेल्या केरबांनीही, “मी मानलं व्हय? मानलं आसतील,” म्हणत सही ठोकली होती.

कार्ड वाचलं. इलाहीची शेड वाचली. त्यानं दोन किलो बेदाणा आणून दिला. मी तो खाली मान घालून घेतला.

संध्याकाळी बायडाबाई दारात उभ्या.

“आवं, माझी फुली कुटं छापलीया?”

राहून गेली, म्हणालो.

“मग आता लिवा, बायडाबाईची फुली घावली म्हणून. तुमी लिवलं की तसंच हुतंय म्हंत्यात.”

अठरा वर्षांत ही एकच बातमी अशी आहे, जी मी घडायच्या आधी पाठवलेली नाही.