बसऱ्याची काठी

आमच्या घरमालकांकडे पाहुणा आला, की पाण्याचा तांब्या येण्याआधी त्याची काठी तपासली जायची. काठी नसली तर छत्री. दशरथ आप्पा ती वस्तू दोन्ही हातांवर आडवी घेत, वजनाचा अंदाज घेत, नखानं टकटक करत आणि कानाशी धरत. मग टोक भिंतीकडे वळवून मूठ हळूच पिळून बघत. टोक माणसाकडे कधीच वळवायचं नाही, हा त्यांचा नेम होता. पाहुणा नवखा असला तर घाबरून उभाच राहायचा. "बठा, बठा," आप्पा म्हणायचे, "साधीच शे. मझार काही नही." आत काही नाही हे सांगताना त्यांचा आवाज इतका पडलेला असायचा, की बिचाऱ्या पाहुण्याला आपलंच काहीतरी कमी पडलं असं वाटे.

मी तापीकाठच्या त्या गावात शाळामास्तर म्हणून गेलो, आणि आप्पांच्या ओसरीलगतची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी माझी छत्री गेली. परत आली तेव्हा तिच्या दोन काड्या मोडल्या होत्या. मी काही बोलणार तोच आप्पांनी मला समजावलं, "पोट दखनं पडस, मास्तर. पाठवर काय शे?"

हे 'पोट' त्यांच्या तोंडी उठताबसता असे. लढाईत बंदुका उघड्यावर नसतात, त्या कशाच्या तरी पोटात लपवलेल्या असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. कुणाच्या काठीत, कुणाच्या चिलमीत, कुणाच्या पट्ट्याच्या बक्कलात. लेखणीतही पिस्तूल असतं असं त्यांनी कुठूनसं ऐकलं, आणि नेमके त्याच आठवड्यात आमचे दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले. साहेबांनी शेरा लिहायला फाउंटन पेन काढलं. आप्पा पुढे झाले, त्यांनी साहेबांचं मनगट धरलं आणि पेनाचं तोंड भिंतीकडे केलं. त्या वर्षी मला मिळालेला शेरा मी घरी कुणाला दाखवला नाही.

एरवी माणूस शहाणा होता. घोड्यांचा तर पंचक्रोशीत त्यांच्यासारखा पारखी नव्हता. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक जनावर घेण्याआधी त्यांना शोधत येत. दात बघून ते वय सांगत आणि अंगावरचे केसांचे भोवरे बघून घोडं घरात लाभेल की नाही ते सांगत. पण घोड्यावरून पडून त्यांचा एक गुडघा कायमचा दुखावला होता. चालताना भिंत, दाराची चौकट, म्हशीची पाठ, जे हाताला लागेल त्याचा ते आधार घेत. घराबाहेर माझा खांदा असे. घरात एक उत्तम काठी असताना.

ती काठी म्हणजे आप्पांचा जीव. पहिल्या जर्मन लढाईत इराकातल्या बसऱ्याहून आलेली, आणि तिच्या पोटात बंदूक आहे, एक गोळी भरलेली. मुठीवर मेणाच्या दोरीची घट्ट गुंडाळी होती. खटका त्या गुंडाळीखाली आहे, तेव्हा दोरी सोडायची नाही, असं काठी आणून देणाऱ्यानं बजावलं होतं, आणि आप्पांनी ते पंचवीसेक वर्षं पाळलं होतं. "उघाडी का उडनी," ते म्हणत.

काठी दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असे. गोळी कुठल्या टोकातून निघते याबद्दल घरात दोन मतं होती. आप्पा म्हणत, खालच्या टोकातून. त्यांच्या बायको, ज्यांना सगळं गाव जिजी म्हणे, म्हणत की मुठीतून. एक टोक गोठ्यातल्या म्हशीकडे होतं आणि दुसरं माझ्या खोलीकडे. मी काठी फिरवून टांगण्याबद्दल एकदा सुचवून पाहिलं. जिजी म्हणाल्या, "म्हैस बिचकनी तं दूध चोरी, मास्तर." माझ्या बिचकण्यानं कुणाचं दूध कमी होणार नव्हतं. मी उशी दुसऱ्या भिंतीकडे नेली आणि तिथं झोपू लागलो, म्हणजे झोप येईल तेव्हा.

यात्रेत घोड्यांच्या दावणीमागे लढाईच्या वस्तूंचे चार शौकीन जमत. कुणी गोऱ्या शिपायाचं शिरस्त्राण आणी, कुणी संगीन आणी. वस्तू खरी की खोटी यावर तिथं दिवस दिवस वाद चाले. आप्पांची काठी त्यात राणीसारखी मिरवे, पण हात लावायची कुणाची छाती नव्हती. शहाद्याचा गुलाब हवालदार तेवढा मुळीच मानत नसे. तो पेन्शनीत निघालेला, खरी लढाई बघितलेला माणूस.

"आप्पा, काठी शे ती. निस्ती काठी."

"हवालदार, तुम्ही फ्रान्समझार व्हतात. बसऱ्यानं तुम्हले काय माहीत?"

पुढच्या यात्रेत पुन्हा हेच. दोघांनाही त्याशिवाय यात्रा झाल्यासारखी वाटत नसावी.

मग जर्मनीशी पुन्हा लढाई जुंपली, इकडे गावोगाव चळवळ पेटली, आणि एका सकाळी दवंडी पिटली गेली. ज्याच्याकडे विनापरवाना हत्यार असेल त्यानं यात्रेत फौजदाराच्या राहुटीत आणून दाखवावं, नाहीतर झडती होईल. आप्पा ओसरीवर दात घासत होते. त्यांनी चूळ भरली नाही, तसेच बसून राहिले.

त्यांचं अन्न तुटलं. काठी कणगीत गेली, कणगीतून चाऱ्याच्या गंजीत गेली, पुन्हा खुंटीवर आली. लपवून उपयोग काय होता? 'माझ्याकडे भरलेली बंदूक आहे' असं या माणसानं पंचवीस वर्षं शहाद्यापासून तळोद्यापर्यंत स्वतःच सांगितलं होतं. झडतीत मास्तराच्या डोक्याशी बंदूक सापडली तर माझी नोकरी काही राहत नव्हती. शेवटी मी म्हटलं, "आप्पा, तापीला पाणी आहे. सोडून द्या तिला."

आप्पा माझ्यावर कधी रागावले नव्हते. त्या दिवशी रागावले.

"मास्तर, माले एक धाकला भाऊ व्हता. सुका. सरकारना खेचरं संभाळाले बसऱ्याले गया, तो उनाच नही. त्यान्हासंगेना एक मानूस ही काठी लई उना. म्हने, सुकानी दुश्मनना साहेबना हातमाईन हिसकी लिधी, आनि तठेच पडना. त्यानंतर तो मानूसबी कधी दिखना नही. मन्हाजोडे हाई काठीच शे. खरी निघनी तं मी जेलमां जास. जाऊ. पन खोटी निघनी, तं मंग सुका कसा मरना, ते माले कोन सांगी?"

मी इतके दिवस त्या घरात राहत होतो आणि बसऱ्याहून न परतलेल्या सुकाचं नाव मला माहीत नव्हतं; त्यानं दुश्मनाच्या साहेबाकडून हिसकावलेली काठी त्याचा सोबती घेऊन आला, हेही नाही. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मी बरोबर येतो.

काठी गोधडीत गुंडाळली. एक टोक आप्पांनी धरलं, दुसरं मी. कोणतं टोक कुणाकडे हे ठरवताना आम्ही दोघांनीही फार सभ्यपणा दाखवला. नावेत बसल्यावर लोकांनी गोधडीत काय आहे ते ओळखलं आणि सगळे दुसऱ्या कडेला सरकले. नाव कलली. नावाडी आम्हाला काय काय बोलला ते इथं लिहिता येत नाही.

आप्पांनी आधी हवालदाराला गाठलं. त्यांचा बेत साधा होता. हा माणूस नेहमीच 'निस्ती काठी' म्हणत आला. तेच त्यानं फौजदारांसमोर म्हणावं, काठी न उघडता परत मिळावी. हवालदार रुबाबात मिशी सावरत आला. पण फौजदारांनी "सांगा, हे हत्यार आहे की नाही?" असं विचारल्याबरोबर त्याचा रुबाब गेला.

"आते शपथवर कसं सांगू, साहेब? मी मझार थोडं दखेल शे?"

फौजदारांनी खुर्ची मागे घेतली आणि शिपायाला काठी उघडायला सांगितलं. शिपाई म्हणाला, त्याच्या घरी लहान लेकरं आहेत. हवालदारानं घोड्यांना पाणी पाजायची वेळ झाली का ते बघितलं.

"माले द्या," आप्पा म्हणाले. "मन्हा भाऊनी शे."

ते लंगडत वाळूत गेले. सगळ्यांकडे पाठ करून, दुखरा गुडघा टेकून बसले, काठीचं टोक नदीकडे केलं आणि चाकूनं दोरी कापू लागले. मी डोळे मिटले होते. दावणीतली घोडीसुद्धा फुरफुरायची थांबल्यासारखी वाटली.

काहीच उडालं नाही. डोळे उघडले तेव्हा फौजदार काठी हातात घेऊन उभे होते. त्यांनी ती पिळली, आपटली, टोकातून बघितलं. भरीव लाकूड. मूठ म्हणजे घोड्याचं तोंड, ओबडधोबड कोरलेलं. फौजदार पोट धरून हसले, शिपाई हसले, जमलेली यात्रा हसली. हवालदार मात्र हसला नाही. "मी म्हनेलच व्हतं," एवढंच तो पुटपुटला, आणि तेही जमिनीकडे बघत.

"खोटी आहे हो," फौजदार काठी परत देत म्हणाले. "जा निर्धास्त."

आप्पांनी काठी घेतली. तिच्या पोटाकडे त्यांनी बघितलंही नाही. अंगठा घोड्याच्या तोंडावरून फिरवता फिरवता डाव्या डोळ्याखाली आला आणि थांबला. तिथं चाकूच्या टोकानं एक बारीक भोवरा कोरला होता, गोल गोल, मन लावून.

"खोटी नही, साहेब. खरी शे."

फौजदारांचा हात चटकन कमरेकडे गेला. हवालदारानं मान पुढे करून बघितलं आणि हळू म्हणाला, "आसूढाळ."

डोळ्याखालच्या भोवऱ्याला आमच्याकडे आसूढाळ म्हणतात. तसलं जनावर घरात रडं आणतं म्हणून कुणी फुकटसुद्धा नेत नाही. आप्पांच्या घरी तशी एक घोडी होती, चांदी. वडील तिला हाकलून द्यायला निघाले होते. सुकानं तिच्या गळ्यात पडून रडून तिला ठेवून घेतलं, आणि जाताना तिला सांभाळ म्हणून आप्पांना दहादा बजावलं. ती म्हातारी होऊन घरीच मेली. हे सगळं आप्पा फौजदारांना सांगत होते, आणि फौजदार टोपी काढून ऐकत होते. दुश्मनाच्या साहेबाच्या काठीवर तापीकाठची चांदी कशी येणार? ती कोरणारा हात एकच होता.

परतताना मी सवयीनं खांदा पुढे केला. आप्पांनी काठी वाळूत रोवली आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर भार टाकला. मी दचकलो. त्यांनी दोन पावलं टाकली, थांबले, मुठीवरचा हात काढून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा ठेवला.

नावेशी आलो तेव्हा त्यांचा चेहरा पुरता भिजला होता. ते पुसायच्या भानगडीत पडले नाहीत.

"कसा मरना, ते काही समजनं नही, मास्तर," ते म्हणाले. "पन जित्ता व्हता तवय बठी बठी काय करी ऱ्हायंता, ते समजनं."