दीड मूठ उंच जीप

आमच्या गल्लीत एखादी मोटार येऊन थांबली, की आण्णा मगदूम आधी खाली वाकत. आत कोण बसलं आहे, हे त्यांना नंतर दिसे. चाकाशेजारी उकिडवं बसून ते गाडीखाली हात घालत, जमिनीवर एक मूठ ठेवत, तिच्यावर दुसरी, आणि गाडीच्या पोटापर्यंत किती मुठी बसतात ते मोजून मगच उठत. माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले, तेव्हा आण्णांनी त्यांना दारातच सांगितलं, "पावणं, दोन मुठी बी न्हाईत की वो! पोट टेकणार तुमचं." पाहुणे अंगाने स्थूल होते. त्यांनी चहा घेतला नाही.

आण्णा एका फौंड्रीत स्टोअरकीपर होते. पन्नाशी उलटलेली, अंग किडकिडीत, विजार आणि शर्ट पांढरा, डोक्यावर टोपी. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप त्यांनी घेतली, तेव्हा तिला छप्पर नव्हतं. हॉर्न होता, पण तो फक्त डावीकडे वळताना वाजे, आणि न दाबता वाजे.

जीप कशासाठी घेतली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी प्राथमिक शिक्षिका होत्या. त्यांची बदली बिद्रीच्या पलीकडे, डोंगरातल्या एका वाडीवर झाली होती. एसटी फाट्यापर्यंत जाई. पुढे चार मैल बैलगाडीची वाट, ती चालत. तरी त्या दर शनिवारी घरी येत. दिवाळीनंतर त्यांचा गुडघा धरला आणि येणं थांबलं. एकदा फाट्यापर्यंत बैलगाडीने आल्या, तर दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. आण्णांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं.

आण्णा मात्र हे कारण कबूल करत नसत. "वहिनींना आणायला घेतली का जीप?" असं विचारलं, की ते म्हणत, "छ्या! गाडी हाय म्हटल्यावर चालवून बघाय नको व्हय?" आणि गिअरबॉक्सबद्दल बोलू लागत.

पहिल्याच शनिवारी जीप अडली. शाळेच्या दोन मैल अलीकडे ओढ्याच्या चढावर, दोन चाकोऱ्यांच्या मधोमध, कातळाचा एक उंचवटा होता. सुरुंग लावल्याशिवाय फुटणार नाही असा. जीपचं पोट त्याच्यावर बसलं आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. शेवटी दोन बैल लावून तिला मागे ओढलं. आण्णांनी कातळाजवळ बसून मुठी मोजल्या. "दीड मूठ कमी पडली," एवढंच म्हणाले आणि गाडी वळवली. वहिनी शाळेच्या ओसरीवर पिशवी घेऊन दिवस मावळेपर्यंत बसल्या होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. आण्णांनाही कळलं असावं. त्या आठवड्यात ते कोणाच्याही गाडीखाली वाकले नाहीत.

मग ते उचगावच्या बाबालाल मिस्त्रींकडे गेले. मीही बरोबर होतो. चाकांवर गाडीचं ओझं तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांना, म्हणजे पाट्यांना, हात लावून मिस्त्री म्हणाले, "आण्णा, हे बसलं समदं. नवं टाका, मोकळं व्हा."

"नवं टाकायचं तर तुझ्याकडं कशाला येतोय?"

"मग काय फुंकर घालून उचलू गाडी?"

"ठोकून बाक दे. जुनं हाय, पर जीव हाय त्यात."

"जीव तुमच्यात बी हाय. तुम्हाला दिऊ का बाक?"

तीन रविवार काम चाललं. सपाट झालेले पाटे ठोकून त्यांना कमान दिली. मोडीत निघालेल्या ट्रकचा एक पाटा कापून त्यांच्या जोडीला घातला. पाटे ज्या कड्यांना टांगलेले असतात, त्या कड्या बोटभर लांब केल्या. जीप वर गेली आणि ब्रेकची नळी तोकडी पडली, ती बदलली. खर्च वाढू लागला, तेव्हा आण्णांनी एक तोड काढली: उरलेली उंची बाभळीचे ठोकळे घालून गाठायची. बाबालालनी हातोडा खाली ठेवला. "ठोकळं न्हाय. उतारावर एखादा निसटला, तर वहिनींना मी काय तोंड दावू?" त्या गॅरेजात वहिनींचा उल्लेख पहिल्यांदाच झाला. आण्णांनी तो खोडला नाही. ठोकळे बाजूला ठेवले.

चौथ्या शनिवारी आम्ही तिघे निघालो. कातळाशी बाबालाल उतरले आणि चाकोरीच्या कडेला पालथे पडून जीपखाली बघत ओरडू लागले, "येऊ द्या... येऊ द्या... आता थांबू नगा!" हॉर्न आपोआप वाजला आणि जीप पार झाली. आण्णा खाली उतरले. त्यांनी आधी कातळाची, मग गाडीच्या पोटाची उंची मुठींनी मोजली आणि जाहीर केलं, "चार बोटं शिल्लक!"

वहिनी शाळेला कुलूप लावून उभ्याच होत्या. वाडीची पंधरा-वीस माणसं जमली. वहिनींनी पिशवी आत ठेवली, डावा पाय उचलला, खाली ठेवला. उजवा उचलला. गुडघा वाकेना. जीपचा पत्रा त्यांच्या कमरेशी आला होता. तीन रविवार आम्ही गाडी खालून मोजली होती. वरून कोणीच मोजली नव्हती.

कुलूप काढून शाळेतली एकुलती एक खुर्ची आणली. ती उतारावर डुगडुगली. बाबालाल दगड शोधायला गेले. एक म्हातारी म्हणाली, "बाईंना उचलून ठिवा की!" वहिनींनी पदर सावरला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी बघू." त्यांनी पिशवीला हात घातला.

आण्णांनी टोपी काढून सीटवर टाकली आणि पांढऱ्या विजारीनिशी एक गुडघा मातीत टेकला. दुसरा पुढे केला.

"ठेव पाय."

"काहीतरीच काय! लोक बघताहेत."

"बघू देत."

"अहो, तुम्हाला पाय लावू मी?"

"मला कुठं लावतीस? गुडघ्याला लाव."

वहिनींनी एकवार सगळ्यांकडे बघितलं. चप्पल काढली. मग वाकून आण्णांच्या गुडघ्याला हात लावला, तो कपाळाला नेला, आणि त्याच गुडघ्यावर पाय ठेवून, त्यांच्या खांद्याचा आधार घेत त्या वर चढल्या. कोणी हसलं नाही. म्हातारीने चप्पल उचलून वर दिली.

त्यानंतर वहिनी दर शनिवारी घरी येऊ लागल्या. महिनाभराने बाबालाल आपण होऊन गल्लीत आले. "आण्णा, जीपला लोखंडी पायरी जोडून देतो," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम. पैसं बी नगंत."

आण्णा जीपचा आरसा पुसत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"नगं," ते म्हणाले. "चढतीया की ती."