चष्मेवाल्यांचे तीन वॅट

चष्मेवाल्यांनी कळ दाबली. टेबलावरच्या अ‍ॅम्प्लिफायरचे काचेचे व्हॉल्व्ह काजव्यासारखे उजळले, कॅसेट फिरू लागली आणि दिवाणखान्यात कमालीची शांतता पसरली. ती इतकी टिकली की शेवटी सासूबाईंनाच राहवेना.

"जावईबापू, आता सुरू करा की."

"आई, सुरूच आहे," चष्मेवाले खालमानेनं म्हणाले.

सासूबाई थोरल्या लेकीकडून एवढ्यासाठीच आल्या होत्या. त्यांचे यजमान गात गात प्रवचन करायचे. समोरचा रडवेला माणूस हसत घरी जायचा, असा गळा. त्या गळ्याची ही एकच कॅसेट उरली होती. ती सुखानं ऐकवायची म्हणून जावयानं कितीतरी रविवार बोटं भाजत हे व्हॉल्व्हचं यंत्र स्वतः जुळवलं होतं. आणि सासूबाई उद्या सकाळी, त्यांना घेऊन आलेल्या मुलाबरोबर, परत निघणार होत्या.

"पंखा बंद करा," चष्मेवाले म्हणाले. पंखा बंद झाला. मग फ्रिज बंद झाला. स्वयंपाकघरातला ठिबकता नळ बायकोनं फडक्यानं बांधला.

"भाऊजी, माझा श्वास पण बंद करू का?" मेहुण्यानं विचारलं.

"थोडा वेळ जमेल का?"

बायकोनं स्पीकरला कान लावला. "अहो, येतंय ऐकू! मुंगी खोकल्यासारखं काहीतरी येतंय."

चष्मेवाल्यांनी घाईघाईनं व्हॉल्व्ह विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. हा गृहस्थ माल विकायचा कमी आणि गिऱ्हाइकाला फैलावर घ्यायचा जास्त.

"स्पीकर कुठले जोडलेत?"

"बाजारातले सगळ्यात मोठ्या नंबरचे. तीनशे वॅट!" चष्मेवाल्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान शिल्लक होता. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात नंबर जितका मोठा तितकी काच जोरदार, हा हिशेब आयुष्यभर चुकला नव्हता. "अ‍ॅम्प्लिफायर अशक्त, तीनच वॅटचा. म्हटलं, स्पीकर तरी दणकट घ्यावेत."

"अहो चष्मेवाले, तो आकडा तो स्पीकर किती सोसतो याचा आहे, किती बोलतो याचा नाही! तुमचे तीन वॅट त्याच्या दातात अडकून बसले असतील. तुम्हाला हवेत हलक्या कागदी पडद्याचे, भोंगेवाले. नुसती फुंकर घातली तरी बोलतात. माझ्या घरी आहेत, बंद पडलेल्या थिएटरातले. आत्ता घेऊन जा. आणि परत आणू नका."

'परत आणू नका' म्हणजे काय, ते त्याच्या घरी गेल्यावर कळलं. स्पीकर कपाटाएवढे होते. ते टेम्पोत चढल्यावर दुकानदाराची बायको खिडकीत आली. ती खिडकी तिला कित्येक वर्षांनी दिसत होती. तिनं टेम्पो वळेपर्यंत हात हलवला.

पहिला स्पीकर जिना चढला आणि घराच्या दारात अडकला, तो ना आत ना बाहेर. बायको आत, चष्मेवाले नि मेहुणा बाहेर, आणि त्यांच्या मागे जिन्यात वरच्या मजल्यावरचे वकील.

"हा सार्वजनिक जिना आहे," वकील म्हणाले. "मी नोटीस देईन."

"द्या हो. पण आधी जरा खालून ढकला," मेहुणा म्हणाला.

वकिलांनी ढकललं. स्पीकर आणखी घट्ट बसला. मग चौकटीतून दार काढावं लागलं. दार जिन्यात उभं केल्यावर वकिलांची वर जायची वाट बंद झाली, म्हणून तेही आत आले. दोन्ही भोंगे आत आल्यावर सोफ्याला जागा उरेना. सासूबाई उठायला तयार नव्हत्या, तेव्हा त्यांना सोफ्यासकट गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत सरकवलं.

चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात हात जोडले आणि कळ दाबली.

आवाज आला! नुसता आला नाही, घरभर उभा राहिला. त्या तीन वॅटांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. गाण्यातली हरकत तर ऐकू येत होतीच, पण घोट घेतलेलं पाणी गळ्यातून उतरलेलंही कळत होतं. वकिलांनी नकळत चपला काढल्या. बायकोनं डोळे पुसले. आता सासूबाई काय म्हणतात, म्हणून चष्मेवाले त्यांच्याकडे पाहू लागले.

तेवढ्यात कडवं संपलं आणि भोंग्यातून सासऱ्यांची कुजबुज आली. साथीदाराला सांगत होते, "आज आवरतं घेऊ रे. पहिल्या रांगेत आमच्या मंडळींचा डोळा लागलाय."

सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या.

"थांबवा ते," सासूबाई म्हणाल्या. "मागे घ्या."

पुन्हा तीच कुजबुज. सासूबाई सोफ्यावरून उठल्या, भोंग्यासमोर गेल्या आणि बोट रोखून म्हणाल्या, "मी झोपले नव्हते! डोळे उघडे ठेवले की तुमचा सदरा कुठे उसवलाय तेवढंच दिसायचं. गाणं ऐकायला डोळे मिटावेच लागायचे मला."

"आजी, काही पुरावा?" वकिलांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"आहे की! आता हे मधली दोन कडवी गाळून एकदम शेवटच्याला हात घालतील. कळलं होतं मला तेव्हाच. लावा पुढे!"

कॅसेट पुढे सरकली. सासऱ्यांनी खरोखरच मधली दोन कडवी गिळली आणि थेट शेवट धरला. वकिलांनी मान तुकवली.

"आई, सकाळची गाडी लवकर आहे," मेहुणा म्हणाला. "सामान बांधायचं ना?"

"तू जा," सासूबाई म्हणाल्या. "मी राहतेय. कॅसेटची दुसरी बाजू व्हायचीय अजून. आणि त्यातही माझ्याबद्दल काय काय बोललेत, ते ऐकल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

त्यांनी सोफा भोंग्याजवळ ओढून घ्यायला लावला, पदर खोचला, आणि भांडणाच्या पूर्ण तयारीनिशी डोळे मिटून घेतले.