पाच वाजताची आंघोळ

भुताखेतांना मी भीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो! शिक्षण चौथीपर्यंत, पण इस्लामपुरात स्मशानाला लागून असलेल्या वीटभट्टीवर राखणीला एकटा झोपलेला माणूस मी. म्हणून तर टोकियोच्या निशी-कसाई भागातली ती खोली मी डोळे झाकून घेतली.

साल दोन हजार तीन. पुण्यामुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं टोकियोत विमानं भरभरून उतरत होती आणि त्यांची पोटं भरायला स्टेशनाजवळच्या खानावळीत मी आचारी. खोली दाखवताना एजंट वाकून वाकून बरंच काही सांगत होता. मी नुसतं जपानीतलं "हाय, हाय", म्हणजे हो हो, करत सहीचा शिक्का उठवला. काय सांगत होता ते सामान लावून झाल्यावर वरच्या मजल्यावरच्या सत्यजितनं सांगितलं.

"काका, आधीचे आजोबा इथंच गेले. आंघोळ करता करता. म्हणून स्वस्त."

"गेले तर गेले! निदान स्वच्छ होऊन गेले!"

हसलो. पण घोर दुसराच होता. शनिवारी गावाहून बायको येणार होती, आमची जयमाला. चार वर्षांनी! फोनवर बजावलं होतं तिनं, "घर बघीन. पटलं तर राहीन, नाहीतर आल्या विमानानं माघारी." आणि ही बाई बोलते तसं करते. बाईमाणूस, भुताचं घर म्हटल्यावर राहील होय?

मंगळवारी दुपारी जरा आडवा झालो होतो. पाच वाजले. इथं पाचला खांबावरच्या कर्ण्यातून पोरांनी घरी जावं म्हणून गाणं वाजतं. एवढं हळू, एवढं उदास, की वाटावं गावात कुणी उरलंच नाही. गाणं थांबलं आणि माझ्या न्हाणीघरातून एक बाई बोलली! अगदी गोड आवाजात, दोनच वाक्यं. मग पाणी पडायला लागलं.

मी दार ढकललं. आत कुणी नाही. टबात आपोआप गरम पाणी भरत होतं, वाफ चढत होती. मी त्या टबाला कधी हात लावलेला नाही. आपली बादली आणि तांब्या! झुरळं येऊ नयेत म्हणून बूच तेवढं लावून ठेवलेलं.

बुधवारी पुन्हा तेच. वर आणखी एक. टब काठोकाठ भरला, पाणी थांबलं, सगळं गप्प झालं. आणि मग पाणी काठावरून सांडलं. ढब्ब! माणूस पाण्यात बसला की सांडतं ना, अगदी तसं.

मी जिन्यावर जाऊन बसलो. भ्यालो नव्हतो, आत वाफ जरा फार झाली होती.

सत्यजित रात्री हसून हसून लोळला. "काका, मशीन आहे ते! भिंतीवरचा डबा बोलतो. आजोबांनी टायमर लावून ठेवला असेल. मला जपानी वाचता येत नाही, आमच्या रुचाला येतं, इथल्या शाळेत जाते ती. पाठवतो सवडीनं."

पण गुरुवारी दुपारी दारावर टकटक झाली. उघडलं तर पांढराशुभ्र सदरा, काळा टाय, छातीवर काळी पाटी, आणि मिसरूडही न फुटलेलं एकोणीस वर्षांचं गोरं पोर. असली जोडी सायकलवरून फिरताना मी पाहिली होती. मॉर्मन मिशनरी ते. अमेरिकेतून येतात, दारोदार धर्म सांगतात, आणि कायम दोघं. थोरला खाली सायकलींना कुलूप लावत होता.

मला बघून धाकट्याचा चेहरा उजळला आणि तो फाडफाड सुटला. जपानी नाही, इंग्रजी नाही, नुसता 'र'चा गडगडाट! मागनं कळलं की ती स्पॅनिश. इथल्या कारखान्यांत पेरू देशाची माणसं आहेत, त्यांच्यासाठी शिकवून पाठवलेला. येऊन तिसराच दिवस. गव्हाळ रंग, झुपकेदार मिशा, म्हणजे पेरूवालाच, असं त्यानं ठरवून टाकलं!

मला वाटलं मंत्र म्हणतोय. म्हटलं, देवच धावला! दोघांना आत घेतलं. चहा टाकला तर दोघांनी हात हलवले. चहा पीत नाहीत! कॉफी पण नाही! या वयात चहा सोडलेला माणूस म्हणजे केवढी तपश्चर्या! माझ्या भुताला हाच पुरा पडणार.

धाकट्याला हाताला धरून न्हाणीघरात नेलं. टब दाखवला. मग हातवारे करून सांगितलं: इथं पाणी भरतं, इथं माणूस बुडतो, मी फार त्रासलोय, बाबा, सोडवा! आणि हात जोडले.

पोराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

त्यांच्यात माणसाला पाण्यात पुरता बुडवून धर्मात घेतात, हे मला काय ठाऊक! तीन दिवसांत एकानंही दार उघडलं नव्हतं, आणि हा मिशीवाला बाबा स्वतःहून टब दाखवून हात जोडतोय! थोरला त्याला बाही ओढून "थांब, थांब" करत होता. पण पोर कुठलं ऐकतंय!

तेवढ्यात बाहेर गाणं सुरू झालं. पाच!

गाणं थांबलं. बाई बोलली. पाणी आपोआप सुरू झालं.

"आलं! आलं बघा!" मी ओरडलो.

पोरगं चमत्कार झाला म्हणून गुडघ्यांवर बसलं. मग उठून त्यानं माझा दंड धरला आणि प्रेमानं टबाकडे न्यायला लागला. मी मागं ओढतोय, तो पुढं ओढतोय, थोरला मधे. पाणी काठाला लागलं. थांबलं. वाफेत आम्ही तिघं नुसते उभे.

ढब्ब!

पाणी सांडून आमच्या पायांवर आलं. टबात कुणी नव्हतं.

थोरला आधी पळाला. दीड वर्षाचा अनुभव होता ना! त्याच्या मागं धाकटा, पायांत माझ्या खानावळीच्या चपला. बूट राहिले दारात.

शुक्रवारी दोघं बूट न्यायला आले. सत्यजित घरी होता, त्यानं इंग्रजीतून दोन्हीकडचा घोळ उलगडला. धाकटं पोर उंबऱ्याबाहेरूनच म्हणालं, "मला वाटलं, एकाला तरी मी हवा होतो." काळजात चर्र झालं हो! शिऱ्याचा डबा दिला हातात. म्हटलं, "रोज ये. धर्माचं नको, जेवायला ये."

मग सत्यजितनं आठ वर्षांच्या रुचाला पुढं केलं. "बघ गं, टायमर बंद कर."

रुचानं डबा वाचला. "बाबा, टायमर नाहीचे. कोणी लावलाच नाहीये."

"नीट वाच."

"नीटच वाचलं!"

सत्यजितचं हसू मावळलं. मग त्याला ऑफिसचं एक काम आठवलं.

आणि उजाडला शनिवार! पावणेपाचला जयमाला घरी पोचली. मी म्हटलं, "चल, बाग दाखवतो."

"पाय तुटलेत माझे. बसते जरा."

"नदी दाखवतो!"

"अहो, काय लपवताय?"

गाणं. बाई. पाणी. ढब्ब! मी घडाघडा सगळं सांगून टाकलं आणि तिची न उघडलेली बॅग दाराकडे सरकवायला लागलो.

ती उठली. पदर खोचला, आत गेली, टबात बोट बुडवून पाहिलं.

"तीस वर्षं झाली लग्नाला. पहाटे उठून चूल पेटवून पाणी तापवलं मी तुमच्यासाठी. कधी एक तांब्या तापवून दिलात मला?"

मी बॅग होती तिथंच सोडली.

ती टबाकडे वळून अदबीनं म्हणाली, "बाबा, तुमचं निवांत होऊ द्या. झालं की मागनं मी जाते."

तेव्हापासून असंच चाललंय. पाचला आधी बाबा, मग जयमाला, मग मी. माझा नंबर येईस्तोवर पाणी पार गार!